बिग टेनचा १९३९ चा हंगाम

महोदय,
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलवरचा लेख वाचला (हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळायचा तो फुटबॉल!). पैसा आणि प्रक्षेपण हक्क यांविषयी त्यात भरपूर होते. पण ‘बिग टेन’च्या (अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या), अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच्या १९३९ च्या हंगामाचा उल्लेख हवा होता. विजेतेपद ओहायो स्टेटचे, गाजला मात्र आयोवा. मोजक्या खेळाडूंचा संघ, त्यातले बरेचसे पूर्ण साठ मिनिटे मैदानात. तरी त्यांनी बलाढ्य नोटर डेमला ७-६ असे हरवले. त्यांचा नाइल किनिक हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला. ती स्वीकारताना, आपण युरोपच्या रणांगणावर नाही, खेळाच्या मैदानावर लढतो आहोत, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले. १९४३ मध्ये नौदलाच्या सराव उड्डाणात तो गेला. वय २४.

त्याच हंगामात शिकागो विद्यापीठ मिशिगनकडून ८५-० असे हरले. पहिला हाइझमन विजेता, १९३५ चा, याच विद्यापीठाचा होता! अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी हंगाम संपताच फुटबॉलच बंद केला. पुढे विद्यापीठाच्याच स्टॅग फील्ड या मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागॅलरीखाली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या चमूने २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. हचिन्स यांचा निर्णय मला तरी धाडसाचा वाटतो. नुसत्या पराभवांमुळे नव्हे, विद्यापीठ कशासाठी असते हा प्रश्न त्यांनी आधीपासून लावून धरला होता. लेखकाने त्यांच्यावरही लिहावे.

– एक वाचक, पुणे