दुर्बीण घेण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही दुर्बिणींचे फोटो पाहिले. पहिलीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलंय आणि तुझं मन तिच्यावरच बसलेलं दिसतंय. ती घेऊ नकोस. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट, हा ढोबळ हिशेब. म्हणजे ७० मिलिमीटरच्या भिंगाकडून फार तर १४० पट मागावं. त्यापुढे ग्रह नुसता फुगतो, अंधूक होतो.

कॉलेजात असताना मीही असाच आकड्याला भुललो होतो. शनी सापडला, पण फोकसच्या चाकाला बोट लावलं की त्या काडीपायी स्टँडला कापरं भरायचं आणि शनी काजव्यासारखा नाचायचा. थरथर थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचं. तेवढ्यात पृथ्वी फिरलेली असायची नि शनी चौकटीबाहेर! पुन्हा शोधाशोध. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर गेली.

दुसरी, ती बुटकी डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), दिसायला ओबडधोबड आहे खरी. पण तिचा आरसा १३० मिलिमीटरचा, म्हणजे ७०च्या भिंगापेक्षा जवळजवळ साडेतीन पट उजेड गोळा करणार. शिवाय बैठक भक्कम. हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. आरशाचं नाभीय अंतर ६५० मिलिमीटर, त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आकड्याने भागायचं: २५ मिलिमीटरच्या आयपीसने २६ पट, १० च्या आयपीसने ६५ पट. कमी वाटतं ना? गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण वीस पटीतच. पासष्ट पटीत शनीचं कडं ग्रहापासून सुटं दिसेल.

दुर्बिणीखाली न डुगडुगणारं स्टूल मात्र हवं. बघायच्या अर्धा तास आधी ती बाहेर नेऊन ठेव, आरसा गार झाला की प्रतिमा स्थिर होते. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात. जमेल तुला, सायकलची चेन बसवतेसच की. देवयानी दीर्घिका फोटोतल्यासारखी रंगीत दिसणार नाही, करडा धुरकट डाग दिसेल.

सूर्याकडे चुकूनही वळवू नकोस. आयपीसला लावायचा काळा फिल्टर सोबत आलाच तर फेकून दे. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो.

सुरुवात शुद्ध अष्टमीच्या चंद्रापासून कर. पौर्णिमेला तो सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. काय दिसलं ते कळव.

तुझा,
बाबा