विषय: चुकीच्या मापाचे टायर, घसरलेलं ॲव्हरेज आणि सायकलचं उदाहरण

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या कस्टमर केअरला केलेला सहावा फोन आज संपला आणि दहा मिनिटांत मेसेज आला: "तक्रार बंद. ग्राहकास माहिती देऊन समाधान करण्यात आले." समाधान झालेला तो ग्राहक म्हणजे मी. म्हणून आता लेखी.

गाडी तुमची, वर्कशॉप तुमचं अधिकृत, टायर बसवणारा माणूस तुमच्या गणवेशातला. टायरवरच्या आकड्यांचा अर्थ मी तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये. पण सहा फोन झाल्यावर शंका यायला लागली आहे.

दाराच्या खांबावर तुम्हीच चिकटवलेल्या स्टिकरवर माप आहे 185/65 आर15. रुंदी 185 मिमी, तिच्या 65 टक्के म्हणजे साधारण 120 मिमी साईडवॉल (रिमच्या कडेपासून टायरची उंची), वरची-खालची मिळून 240, त्यात 15 इंची रिमचे 381. चाकाची उंची 621 मिमी. टायर झिजले होते, ते बदलायला मी आले होते. माप बदलायला नव्हे. ॲडव्हायझर म्हणाले, "मॅडम, 15 आता कोण घेतं? 16 टाकू, गाडी उठून दिसेल." दिसते, हे मान्य. पण बसवलं काय, तर 205/60 आर16. हाच हिशेब करा, उंची येते 652 मिमी. पाच टक्के जास्त. तुमच्या याच गाडीच्या वरच्या मॉडेलला 16 इंची रिम कारखान्यातूनच येते, पण तिच्यावर 195/55 असतो आणि त्याची उंची पुन्हा 621च भरते. रिम वाढवली की साईडवॉल कमी करायची, हे तुमच्या कारखान्यात कुणाला तरी नक्की ठाऊक आहे. वर्कशॉपमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "16 इंच म्हणजे 16 इंच."

आता ॲव्हरेज. मी प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करते आणि वहीत लिहिते. आधी 18.2 मिळायचं, आता 15.4. "नवे टायर सुरुवातीला ओढतातच" हे उत्तर मला तिसऱ्या फोनवर मिळालं आहे, पुन्हा देऊ नये, 18.2 हा आकडाही जुने टायर नवे होते तेव्हाचाच आहे. हवा दर पंधरा दिवसांनी चेक होते.

तुमच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं मीच बोलते. मीटर अंतर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. जुनं चाक एका किलोमीटरला सुमारे 512 फेऱ्या घ्यायचं, नवं 488 घेतं. मीटरला हे कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे खऱ्या एका किलोमीटरचे तो 953 मीटरच लिहितो. हायवेच्या दगडांवर तपासलं: 50 किलोमीटरला मीटरवर साडेसत्तेचाळीसच्या जरा वर. म्हणजे 15.4 हा आकडाही खोटा. दुरुस्त केला तर 16.2 येतो. 0.8 ची घट मीटरची, ती मी सोडून देते. उरलेली 2 खरी आहे, दर लिटरमागे, आणि ती तुमची आहे. एवढं गणित तुमच्या सहा माणसांपैकी एकालाही करता आलं नाही. (वॉरंटीचे किलोमीटरही याच मीटरवर हळू सरकताहेत. तिथे तोटा तुमचा आहे, पण त्याची काळजी तुम्हाला दिसत नाही.)

आता आजचा फोन. तो रेकॉर्ड होत असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं गेलं, तेव्हा ऐकून खात्री करा.

"मॅडम, लहानपणी सायकल चालवली असेल ना तुम्ही?"

चालवली, म्हटलं.

"छोट्या सायकलला किती पेडल मारावे लागायचे? आणि मोठीला? बघा! मोठं चाक एका फेरीत जास्त पुढे जातं. म्हणजे तुमचं ॲव्हरेज वाढायला पाहिजे."

वाढलं नाही, उतरलंय, म्हणूनच फोन केलाय, म्हटलं.

"मग गाडी कोण चालवतं?"

"मी."

"फक्त तुम्हीच?" मग जरा थांबून, समजूत काढल्यासारखं, "एक काम करा मॅडम, पाय थोडा हलका ठेवा. लेडीजना क्लचवर पाय ठेवायची सवय असते."

याच पायाने, याच क्लचवर ही गाडी 18.2 देत होती. टायर बदलायला आले तेव्हा तुम्ही माझा पायही बदलून दिलात का? जॉब कार्डवर तशी नोंद नाही.

सायकलच घ्यायची तर पूर्ण घ्या. मोठ्या चाकाला फेऱ्या कमी लागतात, पण प्रत्येक फेरीला जोर जास्त लागतो. चढ आला की उभं राहून पेडल मारावं लागतं. गाडीचंही तेच. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गेलं तर इंजिन 5 टक्के कमी फिरतं, त्यातून थेंबभर वाचतही असेल. पण पूर्वी साध्या पुलावर पाचव्या गिअरमध्ये चढणारी गाडी आता चौथा मागते. त्यात रुंद टायर वारा जास्त अडवतो आणि रबरही आधीच्यासारखं सहज घरंगळत नाही. वजनाचं म्हणाल तर स्टेपनी अजून जुन्या मापाची आहे, म्हणून दोन्ही चाकं वजनकाट्यावर ठेवून पाहिली: 15.5 किलो आणि 19 किलो. चार चाकांचे 14 किलो वाढले. डिकीत 14 किलोची पिशवी ठेवली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. पण हे वजन फिरतं, तेही बरंचसं कडेला. कडेच्या वजनाला पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून वेग घेताना ते जवळपास दुप्पट भरतं. सिग्नलमागून सिग्नल असलेल्या रस्त्यावर माझं इंधन जातं कुठे, तर इथे. पायात नाही.

स्पीडोमीटरच्या काट्याचंही ऐका. पूर्वी काट्यावर 80 असताना फोनच्या जीपीएसवर 76–77 दिसायचं. आता काटा 80 आणि फोन 81. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 मध्ये आहे आणि तुमचे इंजिनिअर त्याच हिशेबाने काटा लावतात. त्यांची मेहनत तुमच्याच वर्कशॉपने एका दुपारी वाया घालवली. "16 इंच म्हणजे 16 इंच."

आमच्या घरात तुमची ही तिसरी गाडी. चौथी नसेल.

माझी मागणी: एकतर या रिमवर 195/55 आर16 बसवा, नाहीतर मूळ 185/65 आर15 परत द्या, तुमच्या खर्चाने. बंद केलेली तक्रार उघडा आणि "समाधान" हा शब्द तिथून काढा. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वही, जॉब कार्ड आणि स्टिकरचा फोटो घेऊन मी ग्राहक आयोगात जाईन. सातवा फोन मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

ता. क. माझ्या मूळ चार रिम वर्कशॉपमध्येच राहिल्या आहेत. "स्क्रॅपला गेल्या असतील" असं उत्तर दोनदा मिळालं. त्या माझ्या आहेत. कुठे आहेत, तेही लेखी कळवा.