परत मागवलेले खेळणे घरातच राहते: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात बालवाडी चालवते. आयात खेळण्यांच्या बाबतीत सरकारने जे चांगले केले ते आधी नोंदवते, कारण माझी तक्रार ते काम जिथे थांबते तिथून सुरू होते.

२०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळणी उचलून तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले. मग खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश आला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांचे खेळणे आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली, तेही योग्यच झाले. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिराला मोठ्या कारखान्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरले असते. २०२३ च्या जानेवारीत तर मॉल आणि विमानतळांवरच्या नामांकित दुकानांतून अठरा हजारांहून जास्त खेळणी जप्त झाली.

जप्त झाली ती दुकानात उरलेली होती. त्याआधी विकली गेली ती आज कुठे आहेत?

ती घरोघर आहेत. खेळणे थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, तिथून घरकामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाकडे, आणि पुष्कळदा शेवटी देणगी म्हणून माझ्या बालवाडीत येते. खोके मात्र पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेले असते. आयातदाराचे नाव, पत्ता, तक्रारीचा फोन, सगळे त्या खोक्यावर असते. हातात खेळणे तेवढे उरते, आणि ते कुणी आणले हे कुणालाच सांगता येत नाही.

एक वस्तू मला सगळ्यात जास्त भीती घालते, ती म्हणजे बटन सेल. वीस मिलिमीटरचा, नाण्यासारखा चपटा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होऊ शकते. बाहेरून दिसते ते एवढेच की मूल लाळ गाळते, खोकते, जेवायला नको म्हणते. घरच्यांना वाटते सर्दी असेल. खेळण्यातल्या सेलचे झाकण हत्याराशिवाय उघडू नये, असे मानक आपल्याकडे आहे. पण दिवाळीत आपण उंबऱ्यावर ठेवतो त्या एलईडी पणत्या, गाणे म्हणणारी शुभेच्छापत्रे, छोटे रिमोट ही खेळणी नव्हेत, म्हणून ती त्या आदेशात येत नाहीत. कित्येक पणत्यांचे झाकण नखाने निघते. आणि रांगणाऱ्या मुलाचा हात सर्वात आधी उंबऱ्यावरच पोचतो. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून बटन सेल असलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंना स्क्रूचे किंवा तसेच घट्ट झाकण सक्तीचे केले. अमेरिकेने त्याच वर्षी तसा कायदा केला. तोही दीड वर्षाच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर. आपण कोणत्या मुलाची वाट पाहत आहोत?

धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत करायला लावण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलेला आहे. तो वापरताही येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने निकषात न बसणाऱ्या प्रेशर कुकरांबद्दल अ‍ॅमेझॉनला एक लाखाचा दंड केला आणि सर्व ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायला सांगितले. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. माझे लक्ष त्यातल्या एका आकड्याकडे गेले: विकलेले कुकर २,२६५. एकूण एक मोजलेले. ऑनलाइन विक्रेत्याजवळ प्रत्येक घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर असतो. सवलतीचा मेसेज मध्यरात्रीही येतो. मग 'हे खेळणे मुलाच्या हातातून काढून घ्या' हा मेसेज, ज्या भाषेत घरचे वाचतात त्या भाषेत, चोवीस तासांत का येऊ नये? युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून ओळखता येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला थेट कळवणे बंधनकारक केले आहे. आपणही ते नियमात लिहा.

पुण्याच्या बोहरी आळीतल्या घाऊक बाजारातून वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टसाठी डझनाने उचललेला माल, जत्रेतला, सिग्नलवरचा, याला पावतीच नसते. तिथे मेसेज कुणाला पाठवणार? १९१५ ही आपली ग्राहक हेल्पलाइन ज्यांना माहीत आहे, त्यांनाही काय परत मागवले आहे हे आधी कळले पाहिजे, तरच ते फोन करतील. महोदय, रेशन दुकानेही आपल्याच मंत्रालयाच्या कक्षेत येतात. परत मागवलेल्या वस्तूचा मोठा रंगीत फोटो, धोका काय आहे ते दोन ओळींत आणि ती कुठे परत द्यायची एवढे मराठीत छापून प्रत्येक रेशन दुकानावर लावा. तोच कागद महिला व बालविकास खात्यामार्फत अंगणवाडीत आणि लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात लागू द्या. पावती मागू नका. वस्तू हातात आहे हाच पुरावा माना.

बटन सेल असलेल्या सर्व वस्तूंसाठी घट्ट झाकणाची सक्ती मात्र येत्या दिवाळीचा माल बंदरावर उतरण्याआधी व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पणत्यांची खोकी दसऱ्याआधीच घाऊक बाजारात लागतात.

आपली विश्वासू,
एक बालवाडी शिक्षिका, पुणे