नायिकेला मोबाइल दिला, कुलपाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, इंग्रजी कादंबऱ्यांतल्या नायिकांना आजच्या इंग्लंडमध्ये आणून बसवायची हौस सध्या अनेकांना आहे. हातात मोबाइल आणि भाड्याचा फ्लॅट दिला की झाले, असा समज दिसतो. मग कथानक अर्ध्यावर कोसळते, कारण ते पेहरावावर नव्हे, तर कायद्यावर आणि पैशावर उभे असते.

‘जेन आयर’ (१८४७) घ्या. जेन ज्याच्या घरी मुलीला शिकवायला राहते, त्या रॉचेस्टरने आपली वेडी बायको बर्था माडीवर लपवून ठेवली आहे. बायको वेडी आहे, एवढ्या कारणावर त्याला घटस्फोट मिळणे शक्य नव्हते. इंग्लंडच्या कायद्यात वेड हे कारण आले १९३७ मध्ये. २०२२ पासून तर कुणाचा दोष दाखवावाच लागत नाही. मग आजच्या गोष्टीत बर्था माडीवर कोंडलेली कशासाठी? धागा मूळ पुस्तकातच आहे. तिच्याबरोबर ३०,००० पौंड आले होते. आज घटस्फोट म्हणजे मालमत्तेची वाटणी, आणि ती टाळायला माणूस बरेच काही लपवतो. जेनला मात्र ऑफिसात बसवू नये. वर्षाला ३० पौंड पगार आणि मालकाच्याच घरी मुक्काम, म्हणजे नोकरी सुटली की छप्परही गेले. आज मुक्कामी आया केली तरच ही कोंडी टिकते. मूळ जेन गाठोडे घोडागाडीत विसरते आणि उपाशी भटकते. बसमध्ये मोबाइल राहिला की आजही तीच गत.

‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ची (१८४८) हेलन जाच करणाऱ्या नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळते, नाव बदलून चित्रे विकते. तेव्हा बायकोची कमाई कायद्याने नवऱ्याची असे. ही गाठ १८७० मध्ये सैल झाली. असा जाच २०१५ पासून गुन्हा आहे, पण मुलाच्या टॅबमधले लोकेशन चालू राहिले तर कायदा पोचण्याआधी नवरा पोचेल. हे रूपांतर सर्वांत सोपे, आणि त्याकडेच कुणी फिरकत नाही!

‘टेस’बद्दल (१८९१) मात्र उगाच घाबरतात. टेसने आपली पूर्वीची हकिगत लिहून होणारा नवरा एंजल याच्या दाराखालून सरकवलेले पत्र सतरंजीखाली गेले. आज मोबाइलवर निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतील, मग गोष्ट संपली, असे म्हणतात. पण टेसला ते पत्र लग्नाआधीच सापडते आणि ती नष्ट करते. घाव पुढे आहे: एंजल आधी स्वतःची चूक कबूल करतो, ती क्षमा करते, आणि तिची हकिगत ऐकून तो करत नाही. त्याला कुठलाही फोन आडवा येत नाही.

आपला,
एक वाचक

ता. क. कादंबरीकार जेन ऑस्टेनच्या नायिकांना कृपया व्हिक्टोरियन म्हणू नये. ती वारली १८१७ मध्ये. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये.