पुस्तक परत न घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे खरं तर समोर येऊन बोलायचं होतं. पण लायब्ररीच्या काउंटरपाशी आले की माझ्या तोंडून 'मुदत वाढवून द्या'पलीकडे काही निघत नाही. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

हार्पर ली यांचं 'गो सेट अ वॉचमन' मी तिसऱ्याच दिवशी परत आणलं होतं, तेही अर्धवट वाचून. तुम्ही शिक्का उचललात, माझ्याकडे पाहिलंत आणि शिक्का परत पॅडवर ठेवलात. "का गं, अ‍ॅटिकसवर रुसलीस?"

रुसले कसली, संतापले होते. अकरावीत त्यांचं पहिलं पुस्तक 'टु किल अ मॉकिंगबर्ड' वाचलं तेव्हापासून त्यातला वकील अ‍ॅटिकस फिंच माझ्या लेखी देवमाणूस. त्याचा काळा अशील टॉम रॉबिन्सन, आरोप मायेला या गोऱ्या मुलीवर बलात्काराचा. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला. मारहाणीच्या खुणा मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, आणि तिचा बाप डावखुरा. हे सगळं भर कोर्टात उलगडून दाखवूनही गोरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. हरलेला अ‍ॅटिकस बाहेर पडताना काळ्यांच्या बाल्कनीतली माणसं उठून उभी राहतात. त्या पानावर मी दर वेळी रडते. 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या, त्याविरुद्ध दक्षिणेत गोऱ्या प्रतिष्ठितांच्या सिटिझन्स कौन्सिल निघाल्या. दुसऱ्या पुस्तकात हाच माणूस, बहात्तराव्या वर्षी, अशा सभेत बसलेला!

तुम्ही एवढंच विचारलंत, "ती सभा जीन लुईज कुठून बघते?"

कोर्टातल्या त्याच बाल्कनीतून. जिथे अ‍ॅटिकसची ही मुलगी, पहिल्या पुस्तकात गोष्ट सांगणारी, लहानपणी बापासाठी उठून उभी राहिली होती, तिथूनच आता सव्वीस वर्षांची होऊन बघतेय. मी वाचलं होतं, पण माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

मग तुम्ही पहिलं पुस्तक काढून पंधरावं प्रकरण माझ्यासमोर धरलंत. क्लॅन (काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची टोळी) म्हणजे 1920च्या सुमारास होती एक राजकीय संघटनाच, असं अ‍ॅटिकस तिथे मुलांना सांगतो. अगदी सहज. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचूनही गिळून टाकलं होतं. "माणूस तोच आहे गं. तेव्हा पोरगी सांगत होती, आता बाई सांगतेय," तुम्ही म्हणालात.

बाई, हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. 'वॉचमन' छापून आलं 2015ला, पण लिहिलं गेलं 'मॉकिंगबर्ड'च्या आधी. 1960च्या 'मॉकिंगबर्ड'मधला अ‍ॅटिकस संपादक टे होहॉफ यांच्या सल्ल्यावरून झालेल्या पुनर्लेखनातून घडला. 'वॉचमन'मध्ये तो खटला जेमतेम आठवणीपुरता येतो आणि आरोपी चक्क सुटतो. म्हणजे हार्पर ली यांनी मुलीचा संताप आधी लिहिला आणि भक्ती नंतर. मला तरी हे एकाच माणसाचं म्हातारपण वाटत नाही.

पण तुमच्यामुळे पुस्तक घरी परत नेलं, म्हणून अ‍ॅटिकसच्या घरी पूर्वी काम करणाऱ्या काळ्या कॅल्पर्नियाचं प्रकरण वाचायला मिळालं. तिच्या नातवाच्या गाडीखाली एक गोरा माणूस मेलाय. अ‍ॅटिकस वकीलपत्र घेतो, ते काळ्यांच्या संघटनेचे वकील गावात येऊ नयेत म्हणून. जीन लुईज भेटायला जाते, तर जिने तिला वाढवलं ती कॅल्पर्निया परक्या पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने बोलते. "तू आमचा द्वेष करायचीस का?" असं विचारल्यावर किती तरी वेळ गप्प राहते. मग नुसती मान हलवते, नाही म्हणून. खटल्याच्या सगळ्या प्रकरणांपेक्षा मला ती चुप्पी जड गेली.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची सभा होती. कामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, असा ठराव आला. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पुढच्या रांगेत बाबांनी हात वर केला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाची कॉलेजची फी गेली तीन वर्षं हेच बाबा भरतात. पुस्तक वाचलेलं नसतं तर मला तो हात दिसलाही नसता. त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत भांडलो. मावशी अजून चार मजले चढूनच येतात.

एवढ्यासाठी आभार. पुस्तकाची मुदत गेल्या सोमवारी संपली, माहीत आहे. ते सध्या बाबांच्या उशाशी आहे, खूण आठव्या प्रकरणात. दंड माझ्या नावावर लिहून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची वाचक