सोळा विकेट नको, दीडशे रन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपला ऑफस्पिनर अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला टेस्टमधून रिटायर झाला तेव्हापासून 'आता पुढचा कोण' हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या पेपरात येतो, तुमच्याकडेही आला, आणि सोबत नेहमीचा तक्ता, पोराचं नाव, वय, मॅच, विकेट, ॲव्हरेज. तक्ता सुबक होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी गेली तेवीस वर्षं पुण्यात क्लबच्या आणि इन्व्हिटेशनच्या मॅचेसना स्कोअरिंग करतोय, म्हणजे असले तक्ते ज्या वहीतून निघतात ती वही लिहिणारा माणूस मी, आणि त्या वहीत स्पिनरबद्दल किती कमी येतं हे मला चांगलं माहितीये, म्हणून हे पत्र. लांबलंय, लागेल तिथे कापा.

आधी दोन पोरं घ्या. पहिला १९ वर्षांचा, जानेवारी १९८८, मद्रास, समोर रिचर्ड्सची वेस्ट इंडीज, आणि पहिल्याच टेस्टमध्ये ६१ रनमध्ये ८ आणि ७५ रनमध्ये ८, एकूण १६ विकेट. दुसरा २२ वर्षांचा, जानेवारी १९९२, सिडनी, अंगाने जरा गुबगुबीत, ४५ ओव्हर टाकून १५० रन आणि १ विकेट, तीही आपल्या रवी शास्त्रीची, २०६ करून झाल्यावर, म्हणजे शास्त्री कंटाळला म्हणून आउट झाला असं आम्ही कट्ट्यावर म्हणायचो. लावा तुमचा तक्ता. पहिला नरेंद्र हिरवाणी, १७ टेस्ट, ६६ विकेट. दुसरा शेन वॉर्न, ७०८.

हिरवाणीला मी अजिबात कमी लेखत नाही, पहिल्या ४ टेस्टमध्ये ३६ विकेट हे काही खायचं काम नाही, पण त्या चारही टेस्ट भारतात होत्या आणि मद्रासच्या पिचवर तर धूळ उडत होती. वेस्ट इंडीजवाले पुढे सरसावायचे आणि मागे किरण मोरे बेल्स उडवायचा, एका इनिंगमध्ये पाच स्टंपिंग केले त्याने. म्हणजे पिच, समोरच्यांचा उतावळेपणा, कीपर, आणि बोलर, हे चौघं मिळून ते १६ झाले. वहीत मात्र नाव एकाचंच लागतं, त्याला आमचा नाइलाज आहे. आणि वॉर्नचं बघा, सिडनीनंतर ॲडलेडला शून्य विकेट, मग कोलंबोत पहिल्या इनिंगमध्ये १०७ रन देऊन परत शून्य, म्हणजे तिथवर ३३५ रनला एक विकेट. आपल्याकडे एवढ्यावर त्याच्या नावाने आंघोळ केली असती. कॅप्टन बॉर्डरने त्याच मॅचच्या शेवटी, लंका जिंकायला आलेली असताना, बॉल त्याच्या हातात दिला आणि पोराने ११ रनमध्ये शेवटच्या ३ विकेट काढून मॅच फिरवली. मला त्या तीन विकेटपेक्षा बॉर्डरचं कौतुक जास्त वाटतं. ३३५ ला एक असल्या बोलरला त्या वेळी बॉल द्यायचा म्हणजे त्या माणसाला वहीबाहेरचं काहीतरी दिसलेलं असणार ना.

आता आपल्या घरचं. पुण्याजवळ गहुंजेला पहिली टेस्ट झाली फेब्रुवारी २०१७ ला. पिच असं होतं की पहिल्या दिवशीच आमच्या स्टँडमधले लोक शेतीवर बोलायला लागले. तिथे ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने ३५ ला ६ आणि परत ३५ ला ६, आपण १०५ आणि १०७ ला ऑल आउट, तीन दिवसांत खेळ खलास. पुढे आयसीसीने त्या पिचला 'खराब' असा शेरा दिला. आणि ओकीफ? त्याच सिरीजच्या उरलेल्या तीन टेस्टमध्ये मिळून ७ विकेट, सप्टेंबरमध्ये चितगावला शेवटची टेस्ट, विषय संपला. तो काही पोरगा नव्हता, ३२ वर्षांचा होता, पण आखाड्यावरच्या, म्हणजे बॉल वाटेल तसा वळणाऱ्या पिचवरच्या, आकड्यांचं काय करायचं याचं इतकं चांगलं उदाहरण पुणेकराला दुसरं शोधायला जायची गरज नाही.

बरं, मग त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२४ ला न्यूझीलंडविरुद्ध वॉशिंग्टन सुंदर. साडेतीन वर्षांनी टेस्ट खेळत होता, आणि पहिल्या इनिंगमध्ये ५९ ला ७, मॅचमध्ये ११. (समोरून सँटनरने १३ काढल्या, आणि तो २०१५ पासून टेस्ट खेळतोय तरी तोवर इनिंगमध्ये पाच विकेट त्याला एकदाही मिळालेल्या नव्हत्या, यावरून पिचचा अंदाज घ्या.) त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की सुंदर लांबचा घोडा आहे का, तर मी म्हटलं असतं, आत्ता काही सांगता येत नाही बाबा, इथे ओकीफनेही बारा काढलेल्या. मला कळलं ते नऊ महिन्यांनी, जुलै २०२५ ला, लॉर्ड्सवर. तिथे त्याने २२ रनमध्ये ४ काढल्या आणि चारही बोल्ड, रूट, स्मिथ, स्टोक्स, बशीर. फार वळत नव्हता बॉल. हवेत थोडा सरकायचा, टप्पा बॅट्समनला वाटला त्याच्यापेक्षा जरा अलीकडे पडायचा, आणि बॅट खाली यायच्या आत काम झालेलं असायचं. पुण्याच्या अकरांपेक्षा लॉर्ड्सच्या चार मला मोठ्या वाटतात, पण बेरीज करणारा म्हणणार, अकरा म्हणजे अकरा.

अश्विनचंच घ्या, ज्याच्या जागेसाठी हे सगळं चाललंय. २०११ ला दिल्लीत पहिल्याच टेस्टमध्ये ९ विकेट, वाहवा वाहवा. डिसेंबर २०१३ ला जोहान्सबर्ग, साउथ आफ्रिकेला ४५८ हवे होते, पाचवा दिवस, स्पिनरने मॅच जिंकून द्यायची असा तो दिवस, आणि अश्विन ३६ ओव्हर टाकून विकेट शून्य. ते ४५० पर्यंत पोचले, मॅच ड्रॉ, अश्विन टीमबाहेर. त्या वेळी आमच्या ग्राउंडवर एकजात सगळे म्हणत होते, हा घरचाच वाघ. मीही म्हटलं होतं, कबूल करतो. पण माणूस परत आला तो ॲक्शनपासून कोनापर्यंत सगळं खरवडून, नव्याने बांधून आला, आणि ५३७ वर थांबला. मला विचाराल तर त्याचा खरा निकाल दिल्लीच्या ९ विकेटमध्ये नव्हता, जोहान्सबर्गच्या शून्यात होता, फक्त तो वाचायला दीड-दोन वर्षं लागली. त्याला तेवढी वर्षं मिळाली. सगळ्यांना मिळतात असं नाही. स्पिनर कुलदीप यादवने जानेवारी २०१९ ला सिडनीत ९९ ला ५ काढल्या, आणि पुढची टेस्ट मिळाली फेब्रुवारी २०२१ ला. डिसेंबर २०२२ ला चितगावला ८ विकेट घेऊन मॅन ऑफ द मॅच झाला तर पुढच्याच टेस्टला बाहेर! त्या दिवशी मी टीव्ही बंद करून भाजी आणायला गेलो होतो. आता असल्या बोलरचं ॲव्हरेज काढून तुम्ही त्याची 'सातत्याची' परीक्षा घेणार, अहो सातत्य आधी निवड करणाऱ्यांनी दाखवायचं का बोलरने?

इंग्लंडवाल्यांनी तर वेगळाच उद्योग केला. शोएब बशीर हा तेव्हा २० वर्षांचा उंच ऑफस्पिनर, फर्स्ट क्लास मॅच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, स्वतःच्या सॉमरसेट काउंटीत आधीचा स्पिनर लीच असल्यामुळे खेळायलाच मिळायचं नाही, आणि कॅप्टन स्टोक्सने त्याचा एक व्हिडिओ बघितला, बॉल किती उंचावरून सुटतोय ते बघितलं आणि थेट भारतात आणला. आपल्याकडे हसले लोक. पोराने ३ टेस्टमध्ये १७ काढल्या. मग मायदेशी जाऊन एका काउंटी मॅचमध्ये डॅन लॉरेन्सने त्याच्या एकाच ओव्हरला ३८ रन कुटले, आणि त्यानंतर महिनाभरात ट्रेंट ब्रिजला वेस्ट इंडीजचे ४१ ला ५. याचा निकाल काय लावायचा? मी तरी लावणार नाही, अजून सात-आठ वर्षं नाही. उंची, बॉल सुटतो ती जागा, किती फिरतोय, हे सगळं कॅमेऱ्याने मोजता येतं आणि मोजावंही, पण ३८ च्या ओव्हरनंतर रात्री झोप लागली का हे कुठला कॅमेरा मोजणार. रंगना हेराथ १९९९ ला पहिली टेस्ट खेळला, एकूण विकेट ४३३, आणि त्यातल्या बहुतेक तिशी उलटल्यावर. स्पिनर हा लोणच्यासारखा मुरतो, चौथ्या दिवशी बरणी उघडून चव घेणाऱ्याला काय कळणार.

आता जे सांगायला मुळात बसलो ते. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, मॅटिंगवरची २५ ओव्हरची मॅच, अंडर-सिक्स्टीन. एक लेगस्पिनर होता, बारका, बाही कोपराखाली लोंबणारी, पँट फोल्ड केलेली. पहिल्या ओव्हरला दोन सिक्स बसले, दोन्ही एकाच जागेवरून, लाँगऑनच्या वरून. मी वहीत ६, ६ लिहिलं आणि वर बघितलं, आता हा घाबरून सपाट टाकणार, शंभरातले नव्वद तेच करतात. या पठ्ठ्याने तिसरा बॉल आधीच्या दोन्हीपेक्षा हळू आणि उंच टाकला. बॅट्समन पुढे निघाला, अर्ध्या वाटेत त्याला कळलं आपण चुकलो, बॅट हवेत, बॉल मागे, आणि कीपरच्या ग्लोव्हजला लागून बॉल थेट बाउंड्रीला. वहीत काय आलं? बाय ४, म्हणजे बॅटला न लागता गेलेले चार रन. स्टंपिंग सुटलं याला आमच्या वहीत रकानाच नाही. त्याचे आकडे शेवटी ६ ओव्हर, ५४ रन, शून्य.

मॅच संपल्यावर टेबलाशी आला. म्हणाला, "काका, किती गेले मला?"
"चोपन्न."
"आणि बीट किती झाले?"

तेवीस वर्षांत हा प्रश्न मला एकाच पोराने विचारला. बाकी सगळे विकेट विचारतात, त्यांचे बाबा इकॉनॉमी विचारतात. बॅट्समन बीट झाला, म्हणजे चकला, की मी सवयीने मार्जिनमध्ये पेन्सिलने टिंब काढतो, मोजून सांगितलं, अकरा. छत्तीस बॉलमध्ये अकरा. तो "बरं" म्हणाला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला.

पुढच्या रविवारी त्याच्या सरांनी त्याला सपाट टाकायला लावलं, "हवा देऊ नको, स्टंपात टाक, रन वाचव," बाउंड्रीवरून ओरडणं चालूच. १९ रनमध्ये ३ विकेट मिळाल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पाठ थोपटली. माझ्या पेन्सिलीची टिंबं त्या दिवशी दोन. सरांना तरी काय बोलणार, २५ ओव्हरची मॅच, चार मॅच हरले की पालक ॲकॅडमी बदलतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात आयपीएलच्या चार ओव्हर. दोन सीझननंतर तो पोरगा आठव्या नंबरला बॅटिंग करायचा आणि दोन ओव्हर झपझप सपाट टाकून जायचा. आता खेळतो का नाही माहीत नाही. टेस्ट खेळला असता असं मी म्हणत नाही, तसं म्हणणारे काका प्रत्येक ग्राउंडवर दोन असतात. पण त्याच्याकडे विचारायचा प्रश्न बरोबर होता.

मला कोणी तरुण स्पिनर दाखवला तर मी पहिल्यांदा बॅट्समनचे पाय बघतो. पुढच्या बॉलला मागे गेला, मागच्याला पुढे आला, मधेच अडकला, तर समजायचं बॉल हवेत काहीतरी करतोय, आणि हवेतली करामत कुठल्याही पिचवर चालते, वळण मात्र पिचच्या मेहेरबानीवर. मग सिक्सनंतरचा बॉल. मग तिसरा स्पेल, चहानंतर, पाटा पिच, बोटाची कातडी गेलेली, दोघं सेट, तेव्हा टप्पा कुठे पडतोय. रणजीतल्या विकेट मोजाच, पण त्या कुठल्या पिचवर ते शेजारी लिहा. बोर्डाने २०१६-१७ च्या सीझनला रणजीच्या मॅच त्रयस्थ मैदानांवर घेतल्या होत्या, प्रवासाची बोंब झाली आणि ते बंद पडलं, पण यजमान टीमने स्वतःच्या डावखुऱ्या स्पिनरसाठी आखाडा बनवायचा आणि आपण त्याच्या ४० विकेट टीमनिवडीत धरायच्या, याला त्या वर्षी जरा तरी आळा होता.

बाकी नशीब हा प्रकार आहेच. शिवाजी पार्कचे पॅडी शिवलकर, फर्स्ट क्लास ५८९ विकेट, रणजी फायनलला १६ रनमध्ये ८, आणि टेस्ट एकही नाही कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, तेही डावखुरे स्पिनर. इकडे डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीला १९९७ ला कोलंबोत टेस्टमधल्या पहिल्याच बॉलला विकेट मिळाली, आणि मग लंकेने ९५२ केले, त्याचे आकडे ७० ओव्हर, १९५ रन, ती एकच विकेट. पहिल्या बॉलनंतर पेपर छापायला गेला असता तर हेडलाइन काय आली असती सांगा.

तर विनंती एवढीच की अंडर-नाइन्टीन किंवा रणजीच्या मॅचला तुमचा वार्ताहर जाईल तेव्हा स्पिनरच्या विकेटसोबत दोन ओळी जास्त लिहायला सांगा, पिच कसं होतं आणि बॅट्समन किती वेळा चकला. स्कोअररला विचारलं तर तो सांगेल, आमच्यातले बरेच जण पेन्सिल ठेवतात. आणि पत्र कापायचं झालं तर शिवलकरांचा पॅरा कापू नका, हवं तर माझा भाजीचा किस्सा काढा.

आपला,
एक स्कोअरर, पुणे