हिमस्खलनाला किंकाळी लागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टोकाच्या हिमक्रीडांवर बेतलेल्या थरारपटाचा परिचय आपल्या पुरवणीत वाचला. स्कीइंग-स्नोबोर्डिंगच्या कसरती आणि बंदूकधारी खलनायकांचा पाठलाग यांची सांगड घालणाऱ्या या प्रकारात हिमस्खलन जणू सक्तीचेच असते, आणि नेमके तेच दृश्य सर्वांत खोटे असते. परिचयकर्त्यांनी त्याला ‘वास्तवदर्शी’ म्हटल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

पडद्यावर गोळीच्या आवाजाने किंवा किंकाळीने डोंगर सुटतो. प्रत्यक्षात अशा आवाजाचा दाब बर्फाचा थर मोडण्यास फारच अपुरा असतो. (स्फोटकांची गोष्ट वेगळी, धोकादायक उतार मोकळे करण्यासाठी ती मुद्दाम वापरली जातात.) साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर घट्ट थराखाली ठिसूळ थर दडलेला असेल, तर स्कीपटूचे वजनच पुरते. त्यामुळे हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेक स्कीपटूंच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते. अपराध नायकाच्याच पायाखाली असणे ही आयती कलाटणी सोडून पटकथाकार खलनायक आयात करतात, याचे नवल वाटते.

मग नायक त्या लोंढ्यापुढे पळतो, तोही मागे वळून गोळ्या झाडत! खास तयार केलेल्या सरळ उतारावर, हवेचा विरोध कमी करणारा पोशाख घालून फ्रेंच स्कीपटू सिमॉन बिली यांनी 2023 मध्ये फ्रान्समधील वार येथे गाठलेला विक्रमी वेग ताशी 255 किलोमीटर आहे. भुकटीसारख्या कोरड्या बर्फाचे मोठे हिमस्खलन ताशी 300 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

खरा थरार तर लोंढा थांबल्यावर सुरू होतो. बर्फ क्षणात घट्ट बसतो आणि गाडल्या गेलेल्या माणसाला बहुधा बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, त्यानंतर मात्र ही शक्यता झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर येईपर्यंत सहसा उशीर झालेला असतो. म्हणून ट्रान्सीव्हरचा (प्रत्येकाने अंगावर बाळगायच्या, संकेत पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या छोट्या यंत्राचा) संकेत पकडणे, लांब सळईने ठाव घेणे आणि फावड्याने उपसणे हे सारे वाचलेल्या सोबत्यांनाच करावे लागते. हा एवढा काळ सलग दाखवण्याची हिंमत क्वचितच कोणी करतो. आपला नायक अंग झटकून उभा राहतो.

माझा आक्षेप अतिशयोक्तीला नाही. 1977 सालच्या बाँडपटासाठी रिक सिल्व्हेस्टर यांनी कॅनडातील बॅफिन बेटावरच्या माउंट अ‍ॅसगार्डच्या कड्यावरून स्कीसह खरोखर उडी घेतली आणि हवेतच हवाई छत्री (पॅराशूट) उघडली. प्रसंग अशक्यप्राय, पण देह खरा होता, आणि तो फरक आजही पडद्यावर जाणवतो. म्हणून अशा चित्रपटांच्या परिचयात कोणती कसरत प्रत्यक्ष झाली, कोणती संगणकावर रचली आणि ती करणारे कसरतपटू कोण, हे शक्य तेथे नोंदवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक